पुढच्या दाताचं इम्प्लांट: मधले महिने कसे काढावेत

बाराव्या वर्षी खो-खो खेळताना मी तोंडानं खांबावर आपटले आणि वरच्या पुढच्या दाताला मार लागला. रूट कॅनाल करून तो तीस वर्षं टिकला. मग मुळाला उभी चीर गेली आणि काढावा लागला. त्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात, बसवून आता चार वर्षं झाली. मी वाई तालुक्यात पहिलीचा वर्ग शिकवते. स्क्रूची माहिती सगळेच देतात. मधल्या महिन्यांत मनाचं काय होतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

दात काढायच्या आधीच विचारून घ्या, की तात्पुरता दात कोणता आणि तो त्याच दिवशी मिळणार का. टायटॅनियमचा स्क्रू हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. पुढच्या दातांचं ओठाकडचं हाड फार पातळ असतं, बरेचदा एक मिलिमीटरही नसतं. ते कमी पडलं तर हाडाची भुकटी भरतात आणि मुक्काम वाढतो. माझे नऊ महिने गेले. शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला दात शक्य असेल तर तोच मागा. मला खोटा दात लावलेली, काढता-घालता येणारी प्लेट मिळाली होती. रात्री ती वाटीत पाण्यात ठेवायची. पहिले कितीतरी दिवस मी दिवा मालवल्यावरच ती काढत असे. हे तुमचंही होईल. ते खोटं दुःख नाही, चेहराच बदललेला असतो.

प्लेटनं सगळ्यात आधी माझं बोलणं गेलं. ‘स’ निसटायचा, ‘फ’ला वारा लागायचा आणि ‘चमचा’तला च ‘चिमणी’तल्या चसारखा यायचा. ज्या बाईनं मुलांना अक्षरं शिकवायची तिला हे सोसवेना. उपाय एकच: रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचन. मी स आणि फची बाराखडी म्हणायचे, मग ‘चमचा, चाक, जहाज, जाळं’. दोन आठवड्यांत जीभ वळली.

दुसरा उपाय मुलांनी दिला. पहिलीत निम्म्या वर्गाचे पुढचे दात पडलेले असतात. एक दिवस प्लेट सैल झाली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, तुमचा पण पडला? कौलावर टाकलात का?” मी हो म्हटलं आणि सगळं खरं सांगितलं. त्या दिवसानंतर बोलताना तोंडावर जाणारा माझा हात खाली आला. चार जवळच्या माणसांना सांगून टाका. लपवण्यात फार शक्ती जाते.

पक्क्या दाताचा रंग ठरवताना ओशाळू नका. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, लिपस्टिक पुसून आणि दात ओले असतानाच रंग जुळवायला सांगा, कारण वाळलेला दात जास्त पांढरा दिसतो. माझा पहिला दात पांढराफटक आला होता. “राहू दे” हे शब्द ओठावर आले होते, पण परत पाठवायला लावला. या दाताचा रंग नंतर ब्लीचिंगनं बदलत नाही. दोन दातांमध्ये हिरडीशी बारीक काळा त्रिकोण राहू शकतो. माझा आहे. मला रोज दिसतो, समोरच्याला मी दाखवला तरी पटकन सापडत नाही.

खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंचं आवरण असतं, चावल्याची जाणीव त्यातून होते. इम्प्लांट थेट हाडात, म्हणून सुरुवातीला तो दात मुका वाटतो आणि किती जोर पडतोय ते नीट कळत नाही. त्यामुळे ऊस सोलणं, दातानं दोरा तोडणं बंद. कणसाचे दाणे काढून खा, पेरूच्या फोडी करा. भाकरी आपण हातानं मोडतोच.

दुसऱ्या वर्षी परिपाठाच्या वेळी दात किंचित हलला. माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांत दात धरून ठेवणारा छोटा स्क्रू आवळून दिला, हाडातला मोठा स्क्रू पक्काच होता. तेव्हाच त्यांनी सांगितलं, की असे इम्प्लांट शोधणाऱ्या ब्रॅनमार्क यांनी स्वीडनमध्ये १९६५ साली ज्याला पहिल्यांदा ते बसवले, त्याला ते २००६ साली मरेपर्यंत पुरले. दात हलला तर त्यावर चावू नका, लगेच दाखवा. कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या आणि आधार कार्डासोबत ठेवा.

हा दात किडत नाही, पण हिरडी सुजली की आतलं हाड झिजतं. रात्री फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा दोरा, आणि दातांच्या फटीतला बारीक ब्रश चुकवू नका. मिश्री किंवा तंबाखू असेल तर ती शस्त्रक्रियेआधीच सोडा, आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका. रक्त किंवा पू दिसला तर त्याच आठवड्यात जा. एरवी तपासणी सहा महिन्यांनी. मी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाते, म्हणजे रजा टाकावी लागत नाही आणि विसरही पडत नाही.