भोक गोल, रिंग तिकोनी: चक डिझाइनमधले माझे पहिले धडे

चक म्हणजे लेथवर जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, धरून फिरवणारी पकड. चक डिझाइनला आलो तेव्हा वाटायचं, काम सोपं आहे. जॉब घट्ट धरायचा, सुटला नाही की झालं. एका पातळ रिंगने हा समज सहा महिन्यांत उतरवला.

पोलादी रिंग, भिंत जेमतेम 4 मिलिमीटर. बाहेरून तीन जॉमध्ये (चकच्या जबड्यांत) धरून आतला बोअर, म्हणजे भोक, कातायचा होता. जॉब हलायला नको म्हणून प्रेशर वाढवायला मीच सांगितलं. बोअर झाला, मशीनवर डायल (गोलाईतला फरक काट्याने दाखवणारं मापक) लावला तर काटा जागचा हलेना. काढून दोन टोकांच्या मायक्रोमीटरने मोजला, सगळीकडे माप बरोबर. असेंब्लीत मात्र रिंग बसेना. शेवटी गोलाई तपासायच्या यंत्रावर ठेवली, तर आलेखात तीन कोपरे उमटले. धरताना रिंग जॉच्या दाबाने वाकली होती, आम्ही त्या वाकलेल्या रिंगेत गोल भोक कातलं. जॉ सुटले, रिंग मूळ आकाराला गेली आणि भोक तिकोनी झालं. हा आकार मोठा लबाड असतो. एका बाजूला फुगवटा आला की त्याच्या बरोबर समोर तेवढीच दबलेली जागा येते, त्यामुळे समोरासमोर मोजणाऱ्याला व्यास सारखाच दिसतो.

उपाय साधा होता: प्रेशर उतरवायचं आणि रिंगला जवळजवळ पूर्ण कवेत घेणारे रुंद सॉफ्ट जॉ (जॉबच्या आकाराला कातून घेता येणारे मऊ जॉ) करायचे. एकूण दाब तेवढाच ठेवून तो तीनऐवजी सहा ठिकाणी वाटला, तर पातळ रिंगचं वाकणं दहापटीहून जास्त कमी होतं. उलट भिंत निम्मी झाली तर ते आठपट वाढतं. ही गणितं कॉलेजात सोडवून मी मार्क मिळवले होते. ड्रॉइंग समोर आल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही. म्हणून नवीन मुलांना मी आधी जॉबचं ड्रॉइंग वाचायला देतो. भिंत किती, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कुठे, कोणत्या पृष्ठभागावर जॉचा वळ चालणार नाही, हे कळल्याशिवाय चकचा कॅटलॉग उघडू देत नाही.

आता पकडीचा हिशेब. पोलाद कातताना काप 3 मिलिमीटर खोल आणि फीड (टूलची सरक) फेऱ्याला 0.3 मिलिमीटर असेल, तर कापाचं क्षेत्रफळ 0.9 चौरस मिलिमीटर. दर चौरस मिलिमीटरला साधारण 2000 न्यूटन धरले की टूलवर 1800. कातायचा व्यास 120, पण जॉब धरलाय 60 वर, म्हणजे पकडीच्या जागी तेच 3600. त्याला घर्षणांक 0.15 ने भागलं तर 24,000, सुरक्षेसाठी दुप्पट करून 48,000 न्यूटन. इथवर बहुतेक जण बरोबर येतात.

चुकतात ते पुढे. स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) फिरू लागला की जॉ स्वतःच बाहेर पळायला बघतात. 1 किलोचा जॉ, त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून 80 मिलिमीटरवर आणि वेग 3000 आरपीएम, एवढ्यावर एका जॉला सुमारे 7900 न्यूटन बाहेरची ओढ लागते. तीन जॉची मिळून जवळपास 24,000. म्हणजे थांबलेल्या चकवर 72,000 न्यूटनची पकड हवी. वेग निम्मा केला तर ही ओढ चौथाईवर येते, पण उत्पादनवाले वेग कमी करू देतील या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा जॉचं वजन उतरवा. मात्र उंच जॉच्या मोहात पडू नका. उंच जॉ दाबाखाली कलतो, खाचेत घासतो आणि पकड तिथेच खाऊन टाकतो. जॉब आतून धरला असेल तर सगळंच उलटं: वेगाबरोबर पकड वाढते आणि पातळ जॉब फुगतो. सुरक्षेच्या अटींसाठी आयएसओ 16156 हे चकचं आंतरराष्ट्रीय मानक एकदा सावकाश वाचा, कंटाळवाणं असलं तरी.

कागदावरच्या पकडीला ग्रीसही लागतं. एका जुन्या चकवर आम्ही ग्रिप मीटर (पकडीचा जोर मोजणारं यंत्र) लावला, तर मिळायला हवी त्याच्या निम्मीच पकड मिळाली. सिलिंडर आणि प्रेशर दोन्ही ठीक होते, वेज (जॉ सरकवणाऱ्या आतल्या पाचरी) मात्र कोरडे पडले होते. चक उघडून, पुसून, ग्रीस भरून पुन्हा मोजलं तेव्हा आकडा वर आला. त्या दिवशी हात काळे झाले, पण वेज कुठे घासतो ते पहिल्यांदा नीट दिसलं. जमेल तितक्या लवकर एखादा चक स्वतः उघडून बघा, ऑपरेटर शेजारी असताना.

चकच्या दात्यांत अडकणाऱ्या, जॉच्या मागच्या दात्यांकडेही लक्ष असू द्या. 1.5 मिलिमीटर पिचचे (दात्यांमधल्या अंतराचे) 60 अंशाचे दाते आणि 1/16 इंची 90 अंशाचे दाते लांबून सारखेच वाटतात. चुकीची जोडी लावून बोल्ट आवळला तर जॉ बसल्यासारखा भासतो, पण बसलेला नसतो.

आणि सॉफ्ट जॉ कातताना त्यात (जॉब नव्हे, जॉवर दाब यावा म्हणून वेगळी) रिंग धरूनच काता, प्रेशर जॉब धरताना असेल तेवढंच ठेवा. जॉची त्रिज्या जॉबच्या त्रिज्येशी जुळवा. ती मोठी झाली तर जॉ फक्त मध्यावर टेकतो, लहान झाली तर दोन्ही कडांवर. शंका असेल तर जॉबला निळं (ठसा उमटवणारा निळा रंग) लावा, धरा, सोडा आणि जॉवर ठसा कुठे उमटलाय ते बघा.