टाइप १ मधुमेहात रोजची साखर कशी सांभाळावी

माझ्या मुलीला शाळकरी वयात टाइप १ मधुमेह निघाला, तेव्हा नातेवाइकांकडून पहिला सल्ला आला तो 'गोड बंद करा' हा. अजूनही बहुतेक घरांत हाच सल्ला पहिला मिळतो, आणि त्याने काम भागत नाही. या आजारात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. भाकरी, भात, पोहे, केळं, सगळ्याची शेवटी साखरच होते आणि ती पेशींत पोचवायला इन्सुलिन बाहेरून द्यावं लागतं. माझं ठाम मत असं की पथ्य कितीही कडक पाळलं तरी तेवढ्याने साखर ताब्यात राहत नाही. जेवण आणि इन्सुलिन यांची वेळ आणि माप जुळलं की ती ताब्यात येते. हे जुळवायचं कसं, ते पुढे क्रमाने सांगते. आकडे समजून घेण्यासाठी आहेत. प्रत्येकाचा डोस त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. हातातलं इन्सुलिन ओळखा

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं १०० युनिटचं असतं. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटचं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर अंगात अडीच पट डोस जातो. दुकानातून घेताना बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा दरवेळी जुळवून बघा, दुकानदार ओळखीचा असला तरी.

दुसरी ओळख कामाच्या वेळेची. साधं रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि जेवणाआधी अर्धा तास घ्यावं लागतं. लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट ही झटपट काम करणारी इन्सुलिनं जेवणाआधी दहा-पंधरा मिनिटं घेतली तरी चालतात. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक हे दिवसभराचं, ज्याला आपण 'बेसल' म्हणतो. दुधाळ दिसणारं एनपीएच (मध्यम काळ चालणारं) आणि ३०/७० चं मिश्रण (३० टक्के रेग्युलर, ७० टक्के एनपीएच) हे तळहातात दहा वेळा घोळवून आणि दहा वेळा वरखाली करून एकसारखं करून घ्यायचं, जोरात हलवायचं नाही. आपल्याकडे यातलं कोणतं आहे आणि ते किती तास चालतं, हे घरातल्या किमान दोन माणसांना तोंडपाठ हवं.

२. टोचायची जागा रोज बदला

पोट (बेंबीपासून दोन इंच सोडून), मांडीची बाहेरची बाजू, दंडाची मागची बाजू आणि कुल्ला, या टोचायच्या जागा. एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे चरबीची मऊ गाठ होते. तिथे दुखत नाही, म्हणून मुलं हट्टाने तिथेच टोचून घेतात. पण गाठीतून इन्सुलिन कधी उशिरा तर कधी एकदम शोषलं जातं आणि साखर विनाकारण वरखाली व्हायला लागते. आठवड्यातून एकदा आंघोळीनंतर बोटांनी चाचपून बघा. गाठ लागली तर ती जागा काही महिने सोडून द्या, आणि डॉक्टरांना सांगा, कारण चांगल्या जागी टोचल्यावर डोस कमी लागू शकतो.

पेन असेल तर आधी दोन युनिट हवेत सोडून सुईच्या टोकाला थेंब आला का बघा. बटण दाबून झाल्यावर दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. घाई केली की शेवटचा थेंब कातडीवर राहतो.

३. मोजा आणि लिहा

ग्लुकोमीटरवर (बोटातल्या रक्ताच्या थेंबावर साखर मोजणारं यंत्र) उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत, हे बऱ्याच मोठ्या माणसांचं उद्दिष्ट असतं. लहान मुलांचं, गरोदर बाईचं, एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाचं वेगळं असू शकतं. हात साबणाने धुऊन, पुसून मगच टोचा. आंब्याचा रस लागलेल्या बोटावरची साखर तीनशे दाखवेल. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचलं की कमी दुखतं.

नुसता आकडा वहीत लिहून उपयोग नाही. त्याच्या शेजारी काय खाल्लं, किती युनिट घेतले आणि खेळ-चालणं-ताप यांपैकी काय झालं, हेही लिहा. आठवड्याने वही उघडली की कारणं आपोआप दिसायला लागतात. सकाळची साखर सतत जास्त येत असेल तर बेसल वाढवायच्या आधी दोन-तीन रात्री पहाटे तीनला मोजून बघा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा. तीनला बरी आणि सहाला चढलेली असेल तर ते पहाटेच्या संप्रेरकांचं काम. तीनलाच घसरलेली असेल, तर डोस वाढवणं धोक्याचं.

कातडीवर चिकटवून दिवसरात्र साखर मोजत राहणारा सेन्सर परवडत असेल तर जरूर लावा. त्यात ७० ते १८० च्या दरम्यान दिवसाचा किती वेळ गेला ते कळतं. बहुतेक मोठ्यांसाठी ७० टक्क्यांहून जास्त वेळ चांगला मानतात.

४. ताटातलं पीठ मोजायला शिका

बाकी सगळं दवाखान्यात शिकवतात, पण हे आपल्याच स्वयंपाकघरात शिकावं लागतं. म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

स्वयंपाकघरात एक डिजिटल वजनकाटा आणा. पोळीचा उंडा काट्यावर ठेवा. ४५ ते ५० ग्रॅम भरला तर त्यात कोरडं पीठ साधारण ३० ग्रॅम आणि कर्बोदकं साधारण २० ग्रॅम. आठवडाभर प्रत्येक उंडा मोजून केला की हाताला अंदाज येतो आणि मग काटा रोज लागत नाही. ज्वारीची भाकरी मधुमेहाला चालते म्हणून लोक बिनधास्त दोन खातात. पण एका भाकरीला ५०-६० ग्रॅम पीठ जातं, म्हणजे कर्बोदकांच्या हिशेबात एक भाकरी जवळजवळ दोन पोळ्यांच्या बरोबरीची. भाकरी उत्तमच आहे, फक्त ती मोजायची. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं असतात. दूध ग्लासभर घेतलं तर १० ग्रॅम, मध्यम केळ्यात २५ च्या आसपास. आपल्या घरातली एक वाटी ठरवा आणि तिच्यात भात किती ग्रॅम मावतो ते एकदा मोजून वहीत लिहून ठेवा.

आता हिशेब. समजा डॉक्टरांनी दहा ग्रॅमला एक युनिट असं प्रमाण दिलं आहे आणि एका युनिटने साखर ५० ने उतरते असं सांगितलं आहे. ताटात दोन पोळ्या (४०), अर्धी वाटी भात (२०) आणि पातळ वरण (१०), म्हणजे ७० ग्रॅम आणि ७ युनिट. जेवणाआधी साखर २२० आहे आणि १२० वर आणायची आहे, तर वर आणखी २ युनिट. एकूण ९. दोन तासांनी साखर अजून चढलेली दिसली म्हणून लगेच पुन्हा टोचू नका. आधीचं इन्सुलिन अजून काम करत असतं, आणि डोसावर डोस चढला की रात्री साखर धाडकन खाली येते.

पुरणपोळी, मोदक यांचाही असाच हिशेब करून वाढा. मुलाला सणाला ताटावरून उठवू नका. तूप आणि तळलेलं जास्त असलं की साखर उशिरा चढते, तेव्हा जेवणानंतर तीन-चार तासांनीही एकदा मोजा.

हा हिशेब जेवणागणिक डोस बदलणाऱ्यांसाठी. ३०/७० चं मिश्रण दिवसातून दोनदा घेणाऱ्यांनी उलट करायचं: डोस ठरलेला, म्हणून जेवणाची वेळ आणि माप ठरलेलं.

५. साखर लो झाली तर

७० च्या खाली म्हणजे लो. हात थरथरणं, घाम, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. मूल वर्गात उगीच रडायला लागलं किंवा झोपेत उशी घामाने भिजली, तर आधी मोजा. मीटर जवळ नसेल तर न मोजता साखर द्या.

पंधरा ग्रॅम साखर द्यायची: तीन चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच द्या. चॉकलेट आणि बिस्किट या वेळी नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. साखर वर आल्यावर पुढचं जेवण लांब असेल तर अर्धी पोळी किंवा दूध द्या.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. साखरपाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, घरात ग्लुकागॉनचं (साखर वाढवणारं) इंजेक्शन असेल तर द्या आणि १०८ ला फोन करा. 'फिट आली' म्हणून कांदा हुंगवत बसण्यात वेळ जातो, आणि इथे वेळच महत्त्वाची.

वारंवार लो होत असेल तर शरीर हळूहळू इशारे देणं थांबवतं. असं वाटायला लागलं तर डॉक्टरांकडे लगेच जा. खेळानंतर आणि दारूनंतर तर त्या रात्री झोपण्यापूर्वी मोजणं सोडू नका. दोन्हीचा परिणाम काही तासांनी, झोपेत दिसतो.

६. आजारपणात इन्सुलिन बंद करू नका

ताप आला, उलट्या झाल्या, मूल जेवत नाही, म्हणून 'आज इंजेक्शन नको' असं आईबाप ठरवतात. सर्वांत घातक चूक हीच. आजारात ताणाची संप्रेरकं वाढतात आणि न जेवताही साखर चढते. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन बनतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, ही त्याची लक्षणं. पुष्कळ मुलांचा आजार पहिल्यांदा कळतो तोच या अवस्थेत, आणि काहींवर आधी नुसते पोटदुखीचे उपचार होतात.

त्यामुळे बेसल कधीच चुकवायचं नाही. दर तीन-चार तासांनी साखर मोजा, लघवीची कीटोन पट्टी वापरा, घोट घोट पाणी देत राहा. साखर २५० च्या वर आणि कीटोन दिसत असतील तर लगेच डॉक्टरांशी बोला. उलट्या थांबत नसतील किंवा गुंगी आली तर थेट रुग्णालय.

इथेच त्या 'मुळापासून बरा करतो' म्हणणाऱ्या औषधांबद्दल बोललं पाहिजे. कोणाचं चूर्ण, कोणाचा काढा, आणि अट एकच, इन्सुलिन बंद करा. ती अट मानू नका. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन दिलं गेलं, तोपर्यंत या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मानवी इन्सुलिन (रेग्युलर, एनपीएच आणि त्यांचं मिश्रण) बरंच स्वस्त असतं, जनऔषधी केंद्रात चौकशी करा. खर्च कमी करायला डोस अर्धा करणं हा मार्ग नव्हे.

७. उन्हाळ्यात इन्सुलिन जपा

न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, फ्रीजमध्ये. फ्रीजरमध्ये किंवा त्याला चिकटून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकून द्यायचं. वापरात असलेलं बाहेर चालतं, पण साधारण चार आठवडे आणि ३० अंशांच्या आत. नांदेड, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात हे घरातही शक्य होत नाही. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात घट्ट झाकणाच्या डब्यात इन्सुलिन, वरून ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल असं ठेवा आणि वाळू सुकू देऊ नका. कोरड्या हवेत हे छान चालतं. कोकणातल्या दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून मडकं तितकं गार होत नाही; तिथे शेजाऱ्यांच्या किंवा औषधाच्या दुकानातल्या फ्रीजचा आधार घ्यावा.

स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा दुधाळ इन्सुलिनमध्ये गुठळ्या दिसल्या तर वापरू नका. डोस नेहमीचा असूनही साखर उतरत नसेल तर नवी बाटली उघडून बघा.

८. लग्न, उपवास, प्रवास, परीक्षा

लग्नात पंगत 'आत्ता बसतेय' म्हणतात आणि दीड तास जातो. रेग्युलर घेऊन बसलात तर मांडवात लो व्हाल. पान समोर वाढलं जातंय असं दिसल्यावरच टोचा. थोडी साखर चढली तरी ती नंतर उतरवता येते.

'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण टाइप १ च्या माणसाने अक्षरशः ध्यानात ठेवावी. ५० ग्रॅम साबुदाण्यात ४० ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, वर बटाटा. खिचडीला जेवणासारखाच डोस लागतो. निरंकार उपवास डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. मिश्रण घेणाऱ्यांनी तर नाहीच.

एसटीत इन्सुलिन मांडीवरच्या पिशवीत, बॉनेटजवळ किंवा उन्हाच्या खिडकीशी नको. विमानात हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. सीबीएसईने २०१७ पासून मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी नेण्याची मुभा दिली आहे. इतर बोर्डांसाठी शाळेमार्फत आधीच लेखी परवानगी काढा. वर्गशिक्षकांना आणि बाकावरच्या मित्राला लो कसं ओळखायचं ते दाखवून ठेवा.

९. तपासण्या आणि सुया

एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) दर तीन महिन्यांनी. मोठ्या माणसांनी आजाराला पाच वर्षं झाल्यावर डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाची तब्येत सांगणारं प्रथिन) दरवर्षी तपासावं. मुलांच्या बाबतीत कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. पाय रोज स्वतःच बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट.

वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, सफाई कामगारांच्या हाताला टोचतात. कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, सुया त्यात टाका, तीन चतुर्थांश भरली की झाकणाला चिकटपट्टी लावून वर 'सुया' असं ठळक लिहा आणि ती नेहमीच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून तिथल्या जैववैद्यकीय कचऱ्यात द्या.