घरचा बोकड कापण्याआधीची तयारी

गेल्या हिवाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतावर मी पहिल्यांदा घरचा उस्मानाबादी बोकड स्वतः कापला आणि त्यातले जवळपास पाच किलो मटण पुरून टाकावे लागले. सुरा चांगला होता, माणसे होती, पाणीही भरपूर होते. चुकले ते आदल्या रात्री. म्हणून ही यादी आदल्या संध्याकाळपासून सुरू होते.

संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास चारा बंद करावा, पाणी मात्र शेवटपर्यंत पाजावे. उपाशी राहून कोथळा, म्हणजे चारा साठवणारे मोठे पोट, पूर्ण रिकामा होत नाही, पण त्याचा फुगवटा उतरतो, आणि पाणी प्यालेल्या जनावराचे कातडे सहज सुटते. चारा बंद करणे म्हणजे दावणीतला कडबा उचलणे नव्हे. मी तेवढेच केले होते. पहाटे घरातल्या दहा वर्षांच्या पोराने, आज हा जाणार म्हणून, शेवरीचा भारा त्याच्यापुढे टाकला, आणि बोकडाने तो काडीसकट संपवला. पुढे टांगलेल्या बोकडाचे पोट फाडताना कोथळा टम्म फुगून सुरीच्या टोकावरच आला आणि बोटभर चिरेतून हिरवा, आंबूस लगदा सीना, मान आणि दोन्ही फऱ्यांवर ओघळला. घाबरून मी वरून बादलीभर पाणी ओतले, तेव्हा तो आणखी पसरला. शेजारी बसलेले, गावात बोकड हलाल करणारे मुलाणी चाचा एवढेच म्हणाले, "मळलेलं कापून काढायचं असतं, धुवायचं नसतं."

तेव्हा बोकड झाडून घेतलेल्या रिकाम्या खोपटात आखूड दाव्याने बांधावा, कारण शेळीची जात गोणपाटही खाते. शंका असेल तर मुसके बांधावे आणि पाणी पाजताना तेवढे सोडावे. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः लेकरांना आणि म्हाताऱ्यांना, चारा बंद आहे हे बजावून सांगावे. झोपण्यापूर्वी एकदा जाऊन पाहावे, पहाटे उठल्यावर पुन्हा पाहावे. एवढे करूनही कोणी खाऊ घातलेच, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे. पाहुणे पिठल्यावर जेवतील.

जनावर निरोगी हवे. गाभण शेळी किंवा तीन महिन्यांच्या आतले पिल्लू कापू नये. अलीकडे इंजेक्शन किंवा जंताचे औषध दिले असेल, तर वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत थांबावे आणि पशुवैद्यकाला दाखवून घ्यावे. अचानक मेलेले, नाकातोंडातून काळपट रक्त आलेले जनावर तर फाडूच नये, ती काळपुळी असू शकते आणि ती माणसालाही होते. कायद्याचेही भान असावे: २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, शेळी-मेंढीला नाही, पण नगरपालिकेच्या हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर कापता येत नाही. कंदुरीचा, म्हणजे दर्ग्याच्या नवसाचा बोकड असेल तर सुरी मुलाण्याच्याच हाती द्यावी. हे सारे घरच्या खाण्यापुरते आहे.

हत्यारांत एक लांब सुरा, एक लहान सुरी, सत्तूर, चिंचेचा ओंडका आणि धार लावायचा दगड. धार रात्रीच लावावी. बोथट सुऱ्याने जनावराचे हाल होतात आणि आपले बोटही कापते. दोरी, सुतळी, मोठी पातेली. बाकीचे कोणालाही सुचेल.

काम पहाटे, उन्हाच्या आत उरकावे. मे महिन्यात आपल्याकडे हा विचारच नको. बोकडाला पळवू नये, इतर शेळ्यांसमोर कापू नये. घाबरलेल्या, दमलेल्या जनावराचे मटण काळपट आणि चिवट होते. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका दमात कापल्या जाव्यात, मुंडी मात्र लगेच वेगळी करू नये, रक्त नीट वाहून जाऊ द्यावे. मग मागच्या पायांनी लिंबाच्या फांदीला टांगून सोलावे, पहिली चीर सुरीने आणि पुढे मुठीने, ज्या हाताने केस धरले तो मटणाला न लावता. अन्ननलिका आणि गुदद्वार सुतळीने बांधल्यावाचून पोट फाडू नये. सुरीची धार बाहेरच्या बाजूला ठेवून, आतून दोन बोटांचा आधार देत चीर न्यावी. चारा बंद असेल तर इथे हात थरथरत नाही.

कलेजीवरचे पित्ताशय न फोडता काढावे. कलेजी किंवा फुफ्फुसावर पाण्याचे फोड दिसले तर तो भाग कुत्र्याला मुळीच घालू नये, त्यातल्या जंताचे चक्र कुत्र्यातूनच माणसापर्यंत येते. काही तास टांगून मग सांध्यासांध्यांवर तोडावे. ३० किलोच्या बोकडाचे हाडासकट १३ ते १५ किलो मटण पडते. फ्रिजमध्ये जागा आहे का ते पाहावे. कातडे मीठ लावून ठेवावे. घाण पुरायचा खड्डा कंबरभर खोल असावा, वर चुना टाकावा, आणि तो आदल्या संध्याकाळीच खणावा, म्हणजे ज्या वेळी चारा उचलाल त्याच वेळी.