ताई, उद्या वारं कसंय?

आमच्या जालन्याच्या सायकल ग्रुपवर शनिवारी संध्याकाळी हा प्रश्न येतोच. मी काही हवामानशास्त्र शिकलेली नाही, औषधाचं दुकान चालवते. दहाला शटर वर गेलं पाहिजे, म्हणून सकाळी निघाल्यावर वेळेत घरी पोचण्याचा हिशोब मला करावा लागतो, आणि त्या हिशोबात अंतरापेक्षा वारं मोठं असतं. तो हिशोब कसा करायचा ते सांगते. पळणाऱ्यांना आणि डोंगर चढणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी दिशा बघा, वेग नंतर. अंदाजात ‘पश्चिमेचा वारा’ लिहिलेलं असतं तेव्हा तो पश्चिमेकडून येतो. बहुतेक ॲपमधला बाण मात्र वारा जिकडं चाललाय तिकडं तोंड करून असतो, आणि नवीन पोरं इथंच फसतात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी २० किलोमीटरनं चाललाय आणि समोरून १५ चं वारं आहे, तर अंगावर ३५ चं वारं येतं, आणि शांत हवेपेक्षा अडथळा तिप्पट होतो. तेच वारं पाठीवर असलं तर उरतं फक्त ५. म्हणून नियम एकच: जाताना वारं तोंडावर घ्या, येताना पाठीवर. पाय ताजे असतात तेव्हाच झगडून घ्यायचं.

पावसाळ्यात आमच्याकडं वारं पश्चिमेचं, नैऋत्येचं. जून ते ऑगस्ट मी पूर्वेला, सिंदखेडराजाच्या बाजूला आधी कधी जात नाही. जाताना पाठीवर वारं असतं, पोरं खुशीत सुटतात, आणि परतीला तीस किलोमीटर नाकात वारं घेऊन दम काढत येतात. त्या दिवसांत पश्चिमेला, बदनापूरकडं निघायचं. हिवाळ्यात हे उलटं होतं. दिवाळीनंतर वारं पूर्वेकडून, ईशान्येकडून येतं, मग सिंदखेडराजा आधी. मार्च ते मे दुपारचं वारं बहुतेक वायव्येचं, कोरडं आणि तापलेलं. अंगावरचा घाम तिथल्या तिथं सुकतो, त्यामुळं पाणी किती गेलं ते कळत नाही. तहान लागायची वाट बघू नका.

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यानं इथं एक गंमत होते. पावसाळ्यात पाऊस आठ-आठ दिवस दडी मारतो, पण वारं काही दडी मारत नाही. सोयाबीन माना टाकतं आणि पश्चिमेचं वारं चालूच. तेव्हा ‘पाऊस नाही’ म्हणजे ‘सायकलला बरा दिवस’ असं समजू नका. याच्या उलट, भर पावसाळ्यात वारं पूर्वेकडून यायला लागलं तर मी राईड रद्द करायच्या तयारीत असते. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहा: कमी दाबाचं क्षेत्र तुमच्या डाव्या हाताला असतं. बायस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात मांडलेला हा नियम आपल्या उत्तर गोलार्धात चालतो. पूर्वेचं वारं पाठीवर घेतलं की डावा हात दक्षिणेला येतो. म्हणजे बंगालच्या उपसागरातून आलेलं क्षेत्र आपल्या दक्षिणेकडून सरकतंय, आणि असल्या दिवशी आमच्याकडं झोडपून पाऊस होतो.

आता वेळेचं. ॲपवरचा दिवसाचा सरासरी आकडा मी बघतच नाही, तासातासाचा बघते. त्याचं कारण बघायचं तर जालन्याच्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या चिमण्या बघा. जानेवारीत सकाळी सहाला धूर थोडा वर जातो आणि मग आडवा पसरून थांबतो. रात्री जमीन गार होते, तिच्या लगतची हवाही गार आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. झाकणाच्या वर जोराचं वारं असलं तरी खाली पान हलत नाही. ऊन चढलं की जमीन तापते, खालची हवा वर घुसळायला लागते. साडेआठ-नऊला तोच धूर तुटून खाली येतो, खोकला काढतो, आणि त्याच सुमाराला वरचं वारं रस्त्यावर उतरतं. हिवाळा-उन्हाळ्यात मोकळ्या आकाशाच्या दिवशी हे घड्याळ बऱ्यापैकी चालतं. दुपारी दोन ते चार वारं सगळ्यात जोराचं, दिवस मावळला की पडतं. म्हणून मी साडेपाचला निघते आणि साडेआठच्या सुमाराला घरी येते. पावसाळ्यात ढगांमुळं हे घड्याळ बिघडतं, वारं पहाटेपासूनच असतं.

चिमणी नसेल तर कडुलिंब बघा. पानं नुसती सळसळली तर वारं किरकोळ. पानं आणि बारीक फांद्या सतत हलत असतील तर ताशी १२ ते १९. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले तर २० ते २८. लहान झाडं अख्खी डोलायला लागली की ३० च्या पुढं, आणि मग महामार्गावर ट्रकच्या शेजारून जाऊ नका. ट्रक वारं अडवतो आणि तो पुढं गेला की एकदम धक्का बसतो. बीड, धाराशिवकडच्या माळावर पवनचक्क्या आहेत, तिकडं तर दुरूनच कळतं: पाती वाऱ्याकडं तोंड करून असतात. सगळ्याच थांबल्या असतील तर बहुतेक वर वारं नाहीच, सायकल पळवा.

मोबाइलवर मी विंडी हे हवामानाचं ॲप बघते. त्यात युरोपचं मॉडेल, म्हणजे अंदाज बांधायचं गणित, साधारण ९ किलोमीटरच्या चौकटीत काम करतं. अमेरिकेचंही लावून बघा. दोघांची दिशा जुळली तर विश्वास ठेवायचा, जुळली नाही तर राईड छोटी ठेवायची. वेगाखाली ‘गस्ट’ची ओळ असते, ती मधूनमधून येणाऱ्या झोतांची. वारं १२ आणि झोत ३५ असला तर आकडा मी ३५ चाच धरते. एकक नॉट असेल तर १.८५ नं गुणा, मीटर प्रति सेकंद असेल तर ३.६ नं. आणि हा सगळा आकडा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. हँडलपाशी मोकळ्या रानात त्याचा साठ-सत्तर टक्केच लागतो. सप्टेंबरात दोन्ही बाजूंना ऊस आणि तूर उभी असली तर आणखी कमी. एप्रिलात रानं मोकळी झाली की पुन्हा जास्त.

पावसासाठी मात्र हवामान खात्याचं मराठवाडा विभागाचं पत्रक वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातल्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी ठिकाणी. ते वाचून घरी बसायची गरज नाही, पण ‘मेघगर्जनेसह’ हा शब्द असला तर दुपारच्या आत परत यायचं. आणि पावसाचे आकडे सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजलेले असतात. रविवारच्या नावावरचा पाऊस बहुतेक शनिवारी पडलेला असतो. रस्ता चिखलाचा असेल का, हे ठरवताना याचा उपयोग होतो.

खरं सांभाळायचं ते वळवाच्या पावसाला, म्हणजे मार्चपासून मृगापर्यंत, आणि पुन्हा हस्तात. ॲप इथं हात टेकतं, कारण एक ढग एका गावावर फुटतो आणि शेजारचं गाव कोरडं राहतं. अंगाला चिकट उकाडा असला आणि अकराच्या आत ढगांचे फुलकोबीसारखे गड्डे वर चढायला लागले तर दुपार वादळी समजा. विंडीत ‘केप’ नावाचा थर आहे, हवेत वर उसळायची ताकद किती ते तो दाखवतो. दुपारी तो हजाराच्या वर गेला की मी संध्याकाळची राईड काढत नाही.

वादळ जवळ आलं की वारं आधी पडतं. सगळं चिडीचूप होतं. मग ढगाच्या बाजूनं गार झोत येतो, त्यात धूळ असते, आणि दोन-चार मिनिटांत वारं पूर्ण फिरतं. ढगातून कोसळणाऱ्या पावसानं गार झालेली हवा जमिनीवर आपटून चहूकडं पसरते, तिचा हा झोत. बदनापूरला मी चहाला थांबते तिथले मामा आभाळाकडं न बघताच म्हणतात, “वारं फिरलं ताई, गाडी आत घ्या.” पाऊस अजून पाच-सात किलोमीटरवर असतो, पण झोतानं पत्रे उडतात, बाभळीच्या फांद्या रस्त्यावर येतात. पुढं जायचं नाही.

वीज चमकली की आकडे मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढ्या अंतरावरून ती तुमच्यापर्यंत पोचू शकते. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या गाडीत शिरा. लिंबाखाली, चिंचेखाली, चारी बाजूंनी उघड्या शेडमध्ये उभं राहू नका. सायकलचे टायर रबराचे आहेत म्हणून आपण वाचतो, ही समजूत सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, मग चाक हलवायचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या घेरातल्या विजा दाखवतं, ते मोबाइलमध्ये असूच द्या.

हिवाळ्यातल्या धुक्याचं फार काही नाही: आदल्या दिवशी पाऊस, रात्री निरभ्र आकाश आणि वारं पडलेलं असेल तर पहाटे मागचा लाल दिवा लावा, किंवा आठपर्यंत झोपा.

शेवटचं काम वहीचं. तारीख, रस्ता, ॲपनं सांगितलेली दिशा आणि झोत, प्रत्यक्षात काय लागलं, आणि कुठं लागलं, एवढंच लिहा. माझ्या वहीत नागेवाडीच्या टोल नाक्यापुढच्या उघड्या पट्ट्यात ॲपपेक्षा जास्त वारं पुन्हा पुन्हा लिहिलेलं आहे, आणि राजूरच्या रस्त्याला उलट, कमी. तुमच्या रस्त्याचे आकडे वेगळे येतील. वही दुकानाच्या बिलबुकाएवढी छोटी घ्या, म्हणजे जर्सीच्या मागच्या खिशात बसते, आणि पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घाला.