ओ-१ व्हिसाचे पुरावे जमवताय? या चुका टाळा

विज्ञान, शिक्षण, व्यवसाय किंवा खेळात असामान्य काम केलेल्यांना अमेरिकेत कामासाठी ओ-१ए व्हिसा मिळतो. त्यासाठी नोबेलसारखा मोठा पुरस्कार नसेल, तर आठपैकी किमान तीन निकष पुराव्यानिशी दाखवावे लागतात. हे कळलं की लोक हाताला लागेल तो कागद फाइलीत कोंबत सुटतात. ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फाइली मी वाचून दिल्या आहेत आणि त्याच त्या चुका बघून आता जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक शिफारसपत्रांची. एकच मसुदा स्वतः लिहायचा, थोडे शब्द फिरवायचे आणि सहा जणांच्या सह्या घ्यायच्या. बॅटरीच्या पदार्थांवर काम करणाऱ्या माझ्या एका मित्राने हेच केलं. माणूस खरोखर हुशार, पण सहाही पत्रं त्याच्याच संस्थेतली आणि चार पत्रांत एक अख्खं वाक्य जसंच्या तसं. आरएफई आलं, म्हणजे आणखी पुरावे मागितले गेले. प्रश्न साधा होता: या कामामुळे क्षेत्रात नेमकं काय बदललं? सहा पत्रांत त्याचं उत्तर कुठेच नव्हतं, नुसती स्तुती होती. शेवटी त्याची पद्धत वापरणाऱ्या, पण त्याला कधी न भेटलेल्या एका संशोधकाला त्याने लिहिलं. तिकडून दीड पानाचं पत्र आलं. आधी काय अडत होतं, कुठली पायरी बदलली, हे सगळं त्यात होतं. सोबत त्या संशोधकाच्या पेपरमधलं ते पान जोडलं आणि मंजुरी मिळाली.

म्हणून मी कुणालाच मसुदा पाठवू देत नाही. पत्र देणाऱ्याला चार-पाच नेमके प्रश्न पाठवायचे आणि वाट बघायची. यात दोन-तीन महिने जातात. 'पंधरा दिवसांत फाइल उभी करायचीय' म्हणणाऱ्यांचं काम मी हातात घेत नाही.

दुसरं दुखणं कात्रणांचं. माझ्याच फाइलीसाठी आईने गावाकडून वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं होतं, फोटोभोवती व्यवस्थित कापलेलं. तारीख गेली, बातमीदाराचं नाव गेलं. नियमाला मात्र शीर्षक, तारीख आणि लेखक तिन्ही हवेत. भावाने ग्रंथालयातल्या जुन्या अंकांच्या गठ्ठ्यांतून पूर्ण पान शोधून काढलं, तेव्हा काम झालं. बातमी मराठी असेल तर इंग्रजी अनुवाद संपूर्ण बातमीचा हवा, फक्त मथळ्याचा नाही. अनुवाद पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं अनुवादकाने सहीनिशी लिहून द्यायचं. नोटरीची गरज नसते, तरी लोक तिथेच पैसे घालवतात.

फी भरली की मिळतं ते एखाद्या संघटनेचं सदस्यत्व पुराव्यात धरू नका.

पगार जास्त आहे म्हणता, तर त्याच भागातल्या त्याच कामाच्या पगाराचे आकडे शेजारी ठेवा.

पैसे देऊन घेतलेले पुरस्कार मी आधी बाहेर काढायला लावतो. ते बघितल्यावर अधिकारी खरे कागदही संशयाने वाचणार, आणि त्या माणसाची दहा वर्षांची मेहनत त्यात झाकोळणार.

आणि नियतकालिकाकडून दुसऱ्याचा शोधनिबंध तपासायला आलेलं निमंत्रण पुरत नाही, तुम्ही तो खरंच तपासलात हे दाखवावं लागतं. अहवाल पाठवला त्याच दिवशी संपादकांकडून तसं पत्र मागून घ्या. तीन वर्षांनी मागाल तेव्हा त्या खुर्चीत दुसरंच कुणी असतं.