साउंड मिक्सरवर म्यूट करताना या चुका टाळा

फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी) खाली ओढला की चॅनल (एका माईकची किंवा वाद्याची मिक्सरमधली वाट) बंद झालं, असं समजणारे अजूनही भेटतात. स्टेजवरच्या मॉनिटरला, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरला, जाणारा ऑक्स (वेगळा आउटपुट) सहसा प्री-फेडर असतो, म्हणजे फेडरच्या आधीच सिग्नल घेतो. फेडर तळाला गेला तरी तिथला आवाज तसूभरही कमी होत नाही. मग ठरलेला तमाशा होतो: गाणं संपतं, ऑपरेटर फेडर खाली घेतो, गायिका माईक मॉनिटरसमोर ठेवते आणि शिट्टी सुरू. ऑपरेटर घाबरून मास्टर (मेन स्पीकरचा फेडर) ओढतो, तरी शिट्टी चालूच, कारण ती मेन स्पीकरमधून येतच नसते. म्यूट दाबलं असतं तर बहुतेक मिक्सरवर ऑक्सही तुटला असता. काही डिजिटल मिक्सरवर (कन्सोलवर) मात्र हे सेटिंगवर अवलंबून असतं. म्हणून साउंडचेकला कुणाला तरी माईकवर बोलायला लावा, म्यूट दाबा आणि मॉनिटर ऐका. शिवाय म्यूट केल्यावर फेडर जागेवरच राहतो, लेव्हल पुन्हा शोधावी लागत नाही.

परक्या मिक्सरवर बसताना आधी दिवा ओळखा. यामाहाच्या कन्सोलवर ऑनचं बटण पेटलं म्हणजे चॅनल चालू. इतर बऱ्याच ठिकाणी लाल दिवा म्हणजे बंद. मॅकीच्या काही छोट्या मिक्सरवर तर म्यूट दाबलं की सिग्नल मरत नाही, ऑल्ट ३-४ या दुसऱ्या आउटपुटवर जातो. तिथे रेकॉर्डर जोडला असेल तर 'बंद' माईकवरच्या गप्पा बिनबोभाट टेप होतात.

चालू चॅनलमधून एक्सएलआर (माईकची तीन पिनांची केबल) उपटणं हा निव्वळ आळस. 48 व्होल्टचा फँटम (केबलमधूनच माईकला जाणारा वीजपुरवठा) चालू असेल तर स्पीकरमधून तोफेसारखा 'धप्प' येतो. आधी म्यूट, मग फँटम बंद, 10 सेकंद थांबा, मग केबल काढा. जोडताना केबल, फँटम, पुन्हा तेवढंच थांबणं आणि म्यूट सगळ्यात शेवटी उघडायचं. एवढा धीर नसेल त्याने केबलला हात लावू नये.

रिव्हर्बचा (आवाज घुमवणाऱ्या इफेक्टचा) रिटर्न, म्हणजे तो मिक्सरमध्ये परत येतो ते चॅनल, निवेदनाआधी म्यूट करा, नाहीतर निवेदक विहिरीतून बोलतो.

सीन (मिक्सरमध्ये साठवलेली सेटिंग्ज) रिकॉल केल्यावर म्यूट बदलू शकतात. निवेदकाचं चॅनल रिकॉल सेफमध्ये टाका, म्हणजे रिकॉलने ते बदलणार नाही.

म्यूट ग्रुप (एका बटणाने अनेक चॅनल म्यूट करणारा गट) उघडूनही माईक मुका असेल तर त्या चॅनलचं स्वतःचं म्यूट पाहा. गेन (माईकच्या सिग्नलची इनपुट पातळी) वाढवत बसू नका.

आणि वक्ता बोलू लागल्यावर बटण शोधू नका, पहिला शब्द गेलेला असतो. तो माईककडे निघाला की बोट बटणावर, माईक हातात घेतला की म्यूट उघडं. नजर स्टेजवर ठेवा, स्क्रीनवर नाही.