एआयचं गोपनीय उत्तर फिरवलं गेलंय का? ब्लॉकचेनच्या नोंदीवरून असं तपासा

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराने आपला कॉस्टिंगचा तक्ता एआयला दिला आणि परदेशी पार्टीसाठी ४५० जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर) टॉवेलचा दर काढून घेतला. पुढे भागीदार म्हणतो, “एआयने दर वेगळाच सांगितला होता, तुम्ही नंतर बदललात.” कारखानदार स्क्रीनशॉट पुढे करतो. त्याला काडीची किंमत नाही. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पानावरचा कुठलाही आकडा दोन मिनिटांत बदलता येतो, आणि मग काढलेला स्क्रीनशॉट अगदी अस्सल दिसतो.

यावर एक उपाय आहे: उत्तर मिळालं की लगेच त्याचा ठसा ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर सारखीच ठेवलेल्या आणि मागाहून बदलता न येणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत, नोंदवून ठेवायचा. उत्तर नाही, फक्त ठसा. त्यामुळे कॉस्टिंग कोणाला दिसत नाही, पण पुढे एक स्वल्पविराम जरी हलला तरी कळतं. या ठशाला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश ६४ अंक-अक्षरांचा असतो, मजकूर एका ओळीचा असो की शंभर पानांचा. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्येच अशा नोंदीची पद्धत मांडली होती. १९९५ पासून त्यांची कंपनी हॅश चक्क न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. घरोघर गेलेला पेपर मागाहून कोण बदलणार? आज ते काम ब्लॉकचेन करते.

१. मूळ मजकूर जपा. प्रश्न आणि उत्तर दोन्ही साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा. एक्सपोर्टची सोय असेल तर तीच वापरा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत घेऊ नका. मराठी मजकुरात आणखी एक मेख आहे. ‘दुसऱ्या’तला ऱ्य संगणकात दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेत न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हॅश मात्र पूर्ण वेगळे येतात. म्हणून फाइल पुन्हा टाइप करू नका, ‘शुद्धलेखन तपासून’ सेव्ह करू नका. आलेला मजकूर जसाच्या तसा ठेवा.

२. फाइलच्या शेवटी यादृच्छिक ओळ घाला. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि गोपनीयता इथेच फुटते. हॅशवरून मजकूर उलटा काढता येत नाही, पण अंदाज करून पडताळता येतो. उत्तर ‘दर किलोला अमुक रुपये’ एवढंच असेल, तर तो आकडा साधारण कुठल्या टप्प्यात असणार हे शहराच्या पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमागवाल्याला ठाऊक असतं. त्याने त्या टप्प्यातला एकेक आकडा घालून हॅश काढले की संगणक क्षणात तुमचा दर पकडेल. शेवटी तीस-चाळीस वेडीवाकडी अक्षरं घातली की हा रस्ता बंद. ती अक्षरं पासवर्ड मॅनेजरकडून बनवून घ्या. स्वतः सुचवलेली चालणार नाहीत.

३. हॅश काढा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून त्याच्या मेनूतून एसएचए-२५६ निवडा. हॅशची सुरुवात ‘ई३बी०सी४४२’ अशी दिसली तर थांबा: तो रिकाम्या फाइलचा हॅश आहे, म्हणजे मजकूर सेव्हच झालेला नाही.

४. नोंद करा. ओपनटाइमस्टॅम्प्स ही मोफत सोय आहे. संकेतस्थळावर फाइल टाकली तरी हॅश तुमच्याच ब्राउझरमध्ये निघतो, मजकूर बाहेर जात नाही. अनेकांचे हॅश एकत्र गुंफून बिटकॉइनच्या ब्लॉकचेनवर एकाच व्यवहारात नोंदवतात, म्हणून खर्च येत नाही. तुम्हाला ‘डॉट ओटीएस’ नावाची छोटी पुरावा-फाइल मिळते. बिटकॉइनवर नोंद पक्की व्हायला काही तास लागतात. मूळ फाइल आणि ही फाइल, दोन्हींच्या दोन-दोन प्रती ठेवा.

५. पडताळा. वाद झाला की समोरच्याने दोन्ही फाइल स्वतःच्या संगणकावर तपासायच्या. जुळल्या तर बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे त्या नोंदवहीचं पान, आणि तारीख दिसते. ब्लॉकवरच्या वेळेत तास-दोन तासांचा फरक असू शकतो, त्यामुळे तारखेवर बोट ठेवा, मिनिटांवर नको.

इतकं करून सिद्ध काय झालं? हा मजकूर त्या तारखेला होता, एवढंच. तो एआयनेच दिला हे नाही, आणि हिशेब बरोबर आहे हे तर नाहीच. एआयने दिल्याचा पुरावा हवा असेल तर उत्तरावर डिजिटल सही लागते. काही सेवा इंटेलच्या टीडीएक्स सोय असलेल्या किंवा एनव्हिडिया एच१०० सारख्या चिपमधल्या बंदिस्त भागात मॉडेल चालवतात आणि तिथेच तयार झालेल्या किल्लीने प्रत्येक उत्तरावर सही करतात. तिथे क्रम असा: आधी सही जुळवा, मग ती किल्ली खरोखर त्या चिपमधली आहे हे सांगणारं साक्षांकन तपासा, शेवटी आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा हॅश कंपनीने जाहीर केलेल्या हॅशशी ताडून पाहा. सही आणि साक्षांकनही पहिल्या फाइलसोबत नोंदवा. अशी सहीच मिळत नसेल, तर त्या सेवेवरची ‘ब्लॉकचेन व्हेरिफाइड’ ही पाटी जाहिरात समजून सोडून द्या.

प्रकरण कोर्टात जाणार असेल तर वकिलांना हॅश आधीच दाखवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅशसाठी जागा आहे आणि पर्यायांत एसएचए-२५६ आहे.